जमुनाबाईंच्या गळ्यातला हार

पहिल्याच भेटीत प्रितेशने मंजुषाच्या ओल्या चित्राला बोट लावलं आणि रंगवलेल्या बाईच्या गालावर डाग पाडला.

"हात काय लावता? ओलंय ते."

"सॉरी हं... खरीच वाटली."

आता यावर कोण रागावणार? नेरूळ स्टेशनबाहेर चित्रं घेऊन बसणारी मंजुषा नवखीच होती. न्हावा शेव्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, टायपिस्ट घरी बसल्या, त्यांत हीही, आणि भाचीच्या रंगपेटीशी चाळा करता करता हिला जलरंगाचा नाद लागला. पाणी पसरतं नि त्यातून माणसाचा चेहरा येतो, याचं तिला अजून नवल वाटे. बाबा मात्र धुमसत होते — गणपतीपर्यंत एक तरी ऑर्डर आण, नाहीतर गुमान नोकरी शोध.

ती ऑर्डर प्रितेशनेच दिली. जवळच्याच शिरवणे गावचा पोरगा, पोर्टात कामाला. आईचा जुना फोटो पुढे करून म्हणाला, "मोठं काढा. भिंतीवर लावायचंय."

मंजुषाने फोटो दोन्ही हातांनी घेतला. जुन्या फोटोवरून भिंतीसाठी चित्र कोणाचं काढून घेतात, हे काय सांगायला लागतं? मग तो रोज संध्याकाळी चहा घेऊन यायचा, "डोळे अगदी आईचे आलेत" म्हणायचा... आणि ही त्याच्या पोरकेपणाने विरघळायची. विरघळता विरघळता प्रेमातच पडली की. गळ्याभोवती कागद कोरा का सोडलाय, असं त्याने विचारलं तर म्हणायची, "कळेल."

जलरंगात पांढरं हवं तिथे कागदच कोरा ठेवतात. त्या कोऱ्या जागेत तिने शेवटी हलक्या सावल्या देऊन पांढरा हार उमटवला आणि चित्र घेऊन थेट त्याचं घर गाठलं.

दार उघडलं ते चित्रातल्या बाईने.

 आई जमुनाबाईंच्या मागून आलेला प्रितेश चित्र बघून जागच्या जागी थिजला. जमुनाबाई हाराकडे बघतच राहिल्या.

"जिती हाय मी," त्या म्हणाल्या.

"आई समोर बसायला तयार नव्हती, म्हणून फोटो दिला हो..." प्रितेश पुटपुटला.

"मला वाटलं तुम्हाला आई नाही. म्हणून तर मी—" मंजुषाने जीभ चावली.

"म्हणून तर काय?"

"जीव लागला," ती रडत म्हणाली. "आणि तुम्हाला तर आई आहे..."

"मग आता जीव परत घेणार?" प्रितेशने विचारलं.

जमुनाबाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हारावर बोट ठेवलं.

"कागद कोराच हाय ना हितं? भर रंग. झेंडूचा कर. पोराच्या लग्नात वरमायला बी हार घालतात."

मंजुषाने पिशवीतून रंग नि ब्रश काढला. प्रितेश पाणी आणायला धावला. हार केशरी झाला.

"लगीन कवा मग?" जमुनाबाईंनी पोराला विचारलं. पोरगा मंजुषाकडे बघत राहिला.

"रंग वाळला की," ती म्हणाली.