शिकामू, आजी!

ती हत्तीण वाटेत आडवी आली नसती, तर आतुपेले आणि ग्वामाका एकमेकांचं तोंडही न बघता रोज सकाळी बोलत राहिले असते.

झालं असं, की आतुपेले आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन जंगलातल्या सफारी कॅम्पच्या स्वयंपाकघरातून निघाली, तर समोरच्या गोरखचिंचेची साल सोलत ही बया उभी! आतुपेले जागच्या जागी थिजली. तेवढ्यात शेजारच्या जीपमधून कुणीतरी कुजबुजलं, "अगं ए, पुतळ्यासारखी काय उभी राहिलीस? चढ आत!"

ती चढली. चाकामागे धुळीनं माखलेला एक तरुण होता. हसला, तेव्हा त्याच्या एकाच गालाला खळी पडली… एकाच. दुसऱ्या गालाला का नाही, असा वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"हलू नकोस," तो कुजबुजला. "बाईसाहेबांचं जेवण होईपर्यंत आपण इथंच."

"आणि तिला भूक जास्त असली तर?"

"तर माझं नशीब जोरात आहे म्हणायचं."

आतुपेलेनं थर्मासकडे बघत हसू दाबलं.

"चहा कुणासाठी? मी ग्वामाका. गेटबाहेरच्या गावातून पाहुण्यांना घेऊन येतो."

"रेडिओच्या खोलीत नेतेय—"

"म्हणजे तू त्या आजींच्या हाताखाली आहेस?" तो सावरूनच बसला. "बाप रे!"

अग्गोबाई! म्हणजे हाच तो… आतुपेलेनं जीभ चावली. कारण त्या आजी म्हणजे ती स्वतःच होती.

तिचा आवाज लहानपणापासून घोगरा आणि जाड. चर्चच्या गाण्यात बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या नि सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव, बाळ." पण कॅम्पच्या रेडिओवरून ती जीपगाड्यांना सूचना द्यायची, तेव्हा त्याच आवाजाचा दरारा असायचा. जंगलातला एकेक ड्रायव्हर तिला टरकून असायचा. हा नवा गडी पहिल्याच सकाळी रेडिओवर अदबीनं म्हणाला होता, "शिकामू, आजी!" शिकामू म्हणजे थोरांना केलेला नमस्कार. बरोबरीच्यांना कोण शिकामू म्हणतंय? त्यांच्यात नुसतं "माम्बो?" आणि त्यावर "पोआ!" तिनं तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण रेडिओवर म्हातारे ड्रायव्हर न्यालुसीकाका खुदकन हसले, आणि हिलाही लहर आली. खर्जात म्हणाली, "मरहबा, बाळा." झालं! नमस्कार घेतला, म्हणजे ती आजी झाली. तेव्हापासून रोज सकाळी शिकामू आणि मरहबा, आणि सगळे ड्रायव्हर त्या मस्करीत सामील.

"फार कडक आहेत," ग्वामाका सांगत होता. "परवा गाडी जरा जोरात काय हाणली, असं झापलं मला! पण मनानं चांगल्या असतील. या वयात दिवसभर एका जागी बसायचं म्हणजे… गुडघे दुखत असतील गं बिचाऱ्यांचे. माझी आई चोळायचं तेल करते. उद्या आणून देतो."

आता मात्र हसू आवरेना. तिनं ओढणी तोंडात कोंबली.

"हसतेस काय? आणि एक सांगू?" तो आणखी हळू बोलला. "तुझा आवाज केवढा मऊ आहे."

तिचं हसू एकदम विझलं. कुजबुजताना कुणाचा आवाज मऊ नसतो! हत्तीण कान हलवत निघून गेली, तशी ती खाली उतरली.

"अगं, नाव तरी?"

"आतुपेले," ती कुजबुजली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी ती माईक धरून तावातावानं बोलत होती, "न्यालुसीकाका, मिशाळ दिसला म्हणून रस्ता सोडायचा नाही! किती वेळा सांगू?" मिशाळ म्हणजे सिंह. पाहुण्यांना कळून ते जीपमध्ये उभे राहू नयेत, म्हणून ड्रायव्हरांनी ठेवलेलं नाव. बोलता बोलता ती वळली, तर खिडकीत ग्वामाका. हातात तेलाची बाटली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माईककडे. नेमकं त्याच वेळी न्यालुसीकाका रेडिओवर खिदळले, "चुकलं, आजी! गुडघ्यांना तेल मिळालं का?"

ग्वामाकाचे कान लाल झाले. त्यानं बाटली खिडकीत ठेवली. "शिकामू," एवढंच म्हणाला आणि चालता झाला.

त्यानंतर नमस्कार बंद. "गाडी सात, गेटमधून आत." "गाडी सात, गेटबाहेर." बास! आतुपेले रोज सकाळी रेडिओला कान लावून बसायची आणि रोज हिरमुसायची. एकदा वाटे, चिडला असेल, निवळेल. मग वाटे, चिडला कसला? त्याला मऊ आवाजाची मुलगी आवडली होती, आणि निघाला हा बेडूक. ती त्याच्या आवाजासाठी झुरत होती आणि स्वतःच्या आवाजाला शिव्या देत होती.

मग एका दुपारी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. कॅम्पवर टिपूस नाही, पण कोरड्या वाळूच्या नदीला लोंढा आला. एकेक गाडी अलीकडे आल्याचं सांगत होती. सात नंबर मात्र गप्प.

"गाडी सात, उत्तर द्या." आजीचा कडक आवाज.

नुसती खरखर.

"गाडी सात! कुठं आहात?"

रेडिओवर बाकीचे ड्रायव्हर कान देऊन होते. न्यालुसीकाकासुद्धा. आतुपेलेनं पुन्हा माईकचं बटण दाबलं. त्या वाळूतून तो रोज जायचा… आणि शेवटी आजी कुठल्या कुठे गेली. राहिली ती घोगऱ्या, रडक्या आवाजाची एक पोरगी.

"ग्वामाका, ऐकतोयस का रे? बोल ना! शिव्या दे, पण बोल. मी मुद्दाम नाही फसवलं… म्हणजे, फसवलं, पण… तू बोलायचा थांबलास ना, तर माझी सकाळच होत नाही रे."

सगळ्या जंगलानं ऐकलं. ऐकू दे!

खरखर झाली. मग धापा टाकत आवाज आला.

"गाडी सात. गाडी अलीकडेच आहे, पण चिखलात रुतलीय. पाहुण्यांना वर खडकावर बसवून आत्ता आलो. सगळे सुखरूप आहेत."

आतुपेलेनं टेबलावर डोकं टेकलं. देवा, देवा! एवढं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं. "आजींसारखा वाटतोय आवाज, पण आजी रडत नाहीत."

"आतुपेले बोलतेय."

"मग कुजबुजत का नाहीस?"

"माझा आवाज असाच आहे," ती म्हणाली. "जाडा. घोगरा. आवडला तर बघ."

पुन्हा खरखर झाली, आणि त्याचा आवाज आला.

"अगं वेडे, आल्या दिवसापासून मी सकाळी उठून आधी हाच आवाज ऐकायचो. वाटायचं, आजी अशी, तर नात कशी असेल… तेल काय उगाच आणलं होतं?" तो खाकरला. "एवढे दिवस तोंड लपवत होतो, दुसरं काय! सगळ्यांसमोर माझा पोपट झाला होता ना. असो. माम्बो, आतुपेले?"

माम्बो! बरोबरीच्या माणसाला म्हणतात तसं. सगळ्या जंगलासमोर.

"पोआ," ती म्हणाली, आणि रेडिओवर एकच कल्ला झाला. सगळ्यांत मोठ्यानं न्यालुसीकाका ओरडत होते, "अरे, दोरखंड घेऊन निघा कुणीतरी! नवरदेव चिखलात बसलाय!"

ऊन कलताना तो आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि त्या चिखलातही खळी. खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला.

"गुडघे कसे आहेत?"

"थरथरतायत," आतुपेले म्हणाली. कुजबुजून नाही, चांगल्या खणखणीत घोगऱ्या आवाजात. "दुपारपासून."

"बस मग जरा."

ती बसली. तोही खिडकीखालच्या पायरीवर टेकला. तिनं त्याला चहा ओतून दिला.