नऊ खोटी कार्डं

माझा हात मोडला तो शब्दकोशामुळे. कार्डांचा वरचा खण ओढायला मी स्टुलावर चढले. खण खाली आला आणि त्याच्यामागोमाग मीही. तासाभराने मी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत बसले होते आणि एक उंच माणूस माझ्या उजव्या मनगटाला ओल्या पट्ट्या गुंडाळत होता.

"हलवू नका. सेट होऊ दे."

मी दुखणंच विसरले. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना!"

त्याने दचकून वर पाहिलं. "डोक्यावर पण पडलात का?"

आता याला काय सांगणार... आमच्या ऑफिसात आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश चालला होता आणि माझ्या वाट्याला 'सेट' आला होता. चार दिवसांचं काम, असं मला वाटलं होतं. पण केस सेट होतात, घड्याळ सेट करतात, नाटकाचा सेट उभा राहतो, खेळाडू सेट हरतो, आणि आत्या सांगते की पोरगा परदेशात सेट झाला! एवढ्याशा दोन अक्षरांत इतकं जग मावतं कसं, या विचाराने मी रोज नव्याने थक्क व्हायचे.

"प्रत्येक अर्थाला एक कार्ड," मी त्याला सांगितलं. "त्यावर खऱ्या माणसाच्या तोंडचं वाक्य. मनाने रचलेलं चालत नाही. सहा आठवड्यांत झालं नाही, तर आमच्या संपादक बाई हा शब्द दुसऱ्या कुणाला देतील. दोन वर्षं घालवलीत मी यात."

"आणि लिहिणार कशाने?"

मी डाव्या हाताने लिहून दाखवलं. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे तर आमच्या डॉक्टरांचं अक्षर! माझी ड्यूटी चारला सुटते... मी येतो लिहायला."

आणि खरंच आला. रोज. नुसता लिहायचा नाही, येताना वाक्यं वेचून आणायचा. "गवंडी म्हणाला, स्लॅब सेट व्हायच्या आधी चढलास तर तंगडं मोडीन." "शेजारीण म्हणाली, कुत्रं नव्या मालकाकडे दोन दिवसांत सेट झालं." प्रत्येकाचा आवाज काढून वाचायचा. मी हसायचे, मग तो मान खाली घालून उगाचच पेन झटकायचा. साडेचार वाजत आले की माझं लक्ष दाराकडे लागायचं, हे मी बाईंपासून लपवलं. बाईंना अर्थात कळलंच होतं.

सहाव्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांकडे गेले. त्याने आणलेलं त्यांचं एक वाक्य आठवून मी दोन दिवस हसत होते. "काका, तुम्ही काय बोललात हो! 'चेहराच सेट नाही, तिथे केस काय करणार!'"

काकांचा वस्तरा थांबला. "मी? गिऱ्हाईकाला असं बोललो तर उद्या दुकानाला कुलूप लागेल, बाई!"

त्या संध्याकाळी मी सगळी कार्डं त्याच्यापुढे ठेवली. त्याने निमूटपणे नऊ बाजूला काढली.

"खरी वाक्यं संपत आली होती," तो म्हणाला. "वाक्यं संपली की माझं येणं पण संपलं असतं... म्हणून रचली."

"म्हणून माझ्या कोशात खोटं घातलंत? उद्या कुणीतरी ते वाचेल, खरं मानेल!" माझा आवाज चिरकला. चारच दिवस उरले होते.

"चुकलो," तो म्हणाला, आणि नऊ कार्डं खिशात घालून गेला.

तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी दुपारीच दारात उभा! डोक्यावर जेमतेम केस, नाक उन्हाने सोललेलं. टेनिसच्या मैदानाबाहेर दोन दिवस उभा होता म्हणे. सलूनमध्ये तीनदा बसला, शेवटी काकाच वैतागून म्हणाले, "आता सेट झालंय, यापुढे कापायला कातडीच उरली!"

"आठ मिळाली," तो म्हणाला. "नवव्या कार्डावरच्या अर्थाने कुणीच बोललं नाही. तो मुळात नव्हताच. फाडून टाका."

दोन वर्षं मी शब्दाच्या मागे धावत होते, आणि हा माणूस केस गमावून, ऊन खाऊन, कुणीतरी तो आपणहून उच्चारेल म्हणून नुसता थांबून राहिला होता. एवढं कुणी माझ्यासाठी कधी थांबलं नव्हतं. मला रडूच आलं.

कार्डं त्याच संध्याकाळी बाईंच्या टेबलावर गेली. 'सेट' माझाच राहिला.

दोन दिवसांनी त्यानेच प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात बारीक, पांढुरका, परक्याचा वाटत होता.

"आता तुम्हीच लिहाल," तो म्हणाला.

"हो."

"मग मला यायला काही निमित्त नाही. आणि नवं रचायचं नाही असं ठरवलंय." त्याने कापलेलं प्लास्टर बाजूला ठेवलं. "तुम्ही मला फार आवडता... एवढंच आहे."

कोशातले सगळे शब्द ऐनवेळी दगा देऊन गेले. तोच गडबडला आणि पुन्हा कामाला लागला.

"बरं... ताकद बघू. माझी बोटं धरा. आवळा."

मी आवळली.

"दुखतंय?"

"नाही."

"मग सोडा आता."

मी सोडली नाहीत.