कोंडलेला वारा

"पायगुण म्हणतात तो हाच. लग्नाला सहा महिने नाहीत, तोच निनादची कंपनी खलास!"

सासूबाई हे सासऱ्यांच्या कानात सांगत होत्या. पण दुबईशेजारच्या अल मजाजमधल्या त्या फ्लॅटच्या भिंती कागदासारख्या. पोळी उलटता उलटता ईश्वरीनं स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. अख्खी दुबई मंदीत बुडवायला पाच नंबरची चप्पल पुरली म्हणायची.

संध्याकाळी निनाद बंद पडलेल्या ऑफिसातून आपलं सामान घेऊन आला. साहेब गाडी विमानतळावर सोडून ऑस्ट्रेलियाला पळालेले. त्यांच्या केबिनमधला पुरुषभर उंचीचा लाकडी भोंगा त्यानं उचलून आणला होता.

"डिजरीडू. तिकडच्या आदिवासी कारागिरांनी हातानं घडवलेलं. लाकूड आतून वाळवीनंच पोखरलेलं असतं. आणि वाजवणारा श्वास घ्यायला थांबत नाही. गालांतला वारा सोडत राहायचं, नाकानं आत ओढत राहायचं."

कितीतरी दिवसांनी तो एवढं सलग बोलला. ईश्वरीला ती वस्तू तेवढ्यासाठीच आवडली. गेरूच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके, त्यातून चढत जाणारी घोरपड, तोंडाशी मेणाची कड.

सासूबाईंनी 'वाळवी' एवढंच ऐकलं. भोंगा उलटा करून खालच्या तोंडात डांबरगोळ्या ओतल्या, जुन्या परकराचा बोळा ठासला. "फर्निचर भाड्याचं आहे, बाई."

त्या दिवसापासून निनाद गप्प. सोफ्यावर, भोंग्याला पाठ टेकून. ईश्वरी चहा ठेवायची, साय धरलेला कप उचलायची. नोकरी जाऊ दे. हा परत बोलू दे, एवढंच तिचं मागणं.

एका दुपारी धुळीचं वादळ आलं. समोरची खाडी दिसेना. वीज गेली, एसी थांबला... घरघर मात्र चालूच राहिली. जाड, जमिनीखालून आल्यासारखी, कुठेच न तुटणारी.

ईश्वरीनं वाकून बोळा उपसला. गोळ्या फरशीवर घरंगळल्या. तिनं लाकडाला कान लावला. लाकूड थंड. मुकं.

आवाज निनादकडून येत होता.

"निनाद... ए... ऐक ना..."

डोळे उघडे. ओठांना मेण. तिनं तोंडापुढे तळहात धरला. डांबरगोळ्यांच्या वासाचा गरम वारा, एकसारखा. दुसरा हात नाकाखाली नेला... तिथे काहीच नाही. छाती हळूहळू खाली, आणखी खाली जात होती.

"काय झालं गं? काय केलंस?" दारात सासू-सासरे.

या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता.

"आई, बाबा, याचा श्वास आत येत नाहीये... नुसता बाहेर जातोय. मघापासून!"