पानगळीच्या बिअरचा वास

ताईंना बिअरची आवड अशी कधीच नव्हती, आणि कदाचित म्हणूनच बिअर पारखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाखायच्या दिवशी बिनवासाचा साबण, केसांना तेल नाही, तोंडात बडीशेपेचा दाणासुद्धा नाही. धाकट्या भावाच्या छोट्याशा ब्रुअरीत दर वर्षी पानगळीच्या मोसमासाठी खास बिअर निघे, आणि ती बाजारात जायची की गटारात, हे ताई ठरवत. भाऊ म्हणून लाडबिड काही नाही. एकदा त्यांनी उन्हाळी बिअरची अख्खी टाकी ओतायला लावली होती. तेव्हा त्याने महिनाभर अबोला धरला होता.

यंदा मात्र टाकी ओतावी लागली असती तर ब्रुअरीला कुलूपच लागलं असतं. काचेपलीकडे भाऊ येरझारा घालत होता. चाखणं चालू असताना त्याने आत यायचं नाही, हा नियम. आत फक्त भावजय होती. तिने तीन ग्लास मांडले, दोन एकाच बिअरचे आणि एक वेगळा. वेगळा कुठला ते आधी नाकाने ओळखायचं, आणि निकाल लागेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

ताईंनी पहिला ग्लास नाकाशी धरला. भाजलेले जव, संत्र्याची साल, किंचित धूर. छान जमली होती. दुसरा नेहमीच्या बिअरचा निघाला, म्हणजे वेगळा तोच. तिसऱ्यात पुन्हा जव, साल, धूर. आणि त्यांच्या मागून बाम.

गुडघ्याला चोळतात तसला, डोळ्यांत झोंबणारा बाम. ताई पहिल्या ग्लासकडे परत वळल्या. आता त्यातही होता.

त्यांनी हात धुतले, चूळ भरली, टाकीच्या तोटीतून थेट नव्या ग्लासात बिअर घेतली. बाम होताच, उलट जरा जास्तच.

यात घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. यीस्ट बिघडलं की बिअरला नाही नाही ते वास येतात. गेल्या वर्षी याच टाकीतल्या बिअरला लवंग लागली होती, तेव्हाही त्यांनी यीस्टवरच खापर फोडलं होतं. "अहो, मला तर काहीच लागत नाही," असं म्हणून जुने ब्रुअर काका हसले होते. त्यांना कशी लागणार? त्यांच्या गालात सदा लवंग असे. त्याच आठवड्यात काका रिकामी टाकी घासायला आत उतरले. बिअरचा गॅस तळाशी साचून राहतो, आधी भरपूर हवा सोडल्याशिवाय उतरायचं नसतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. "आलोच," म्हणाले, आणि आलेच नाहीत.

ताईंनी हातातला ग्लास पुढे केला.

"तू चाखून बघ गं," त्या भावजयीला म्हणाल्या. नियम मोडून बोलल्या.

भावजयीने घोट घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, हा ह्यांचा बाम आहे. मीच चोळून देते ना रोज. पण ह्यांनी ग्लासला हातसुद्धा लावलेला नाही हो!"

तेवढ्यात दार उघडलं. भावाला धीर धरवला नव्हता. "काय ते एकदाचं सांगून टाक, ताई. वाईट असेल तर आत्ता ओततो आणि स्वतः उतरून टाकी घासतो. काकांनंतर दुसरं कोण उतरणार आहे तिच्यात?"

ताई बिअरबद्दल आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एक थेंबही फेकू नकोस."

भाऊ नाचायचाच काय तो बाकी राहिला. त्या आनंदाच्या भरात ताईंनी त्याच्याकडून वचन काढून घेतलं. बिअर संपली की ती टाकी मोडीत द्यायची, आत पाऊल टाकायचं नाही.

"अगं, तू म्हणशील तर सगळ्या टाक्या मोडीत देतो!" तो म्हणाला.

पानगळीची बिअर विकायला निघाली त्या संध्याकाळी ब्रुअरीचा हॉल गच्च भरला. ताईंनी जीव मुठीत धरून घोट घेतला. जव, साल, धूर. बाम नव्हता. त्यांनी पुन्हा चाखून पाहिली. नव्हताच. भावजयीनेही चाखली, आणि दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून काउंटरमागे उभ्या राहिल्या. ताईंना आनंदाने रडू आलं.

समोरच्या टेबलावरच्या बाईने घोट घेतला, हसली आणि थांबली.

तिने आणखी एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवून ती हळूच नवऱ्याकडे झुकली आणि तिने त्याच्या कॉलरचा वास घेतला.

पलीकडे एका तरुणाने मित्राची टोपी काढून नाकाशी धरली होती.

खिडकीजवळ दोघी बहिणी एकमेकींच्या केसांशी वाकल्या होत्या.

हॉलमधला गोंगाट ओसरत गेला.

"बघितलंस, ताई?" भाऊ खुशीत कुजबुजला. "कसे मन लावून पितायत!" आणि तो पुढचे ग्लास भरू लागला.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी घोट घेतला. आजूबाजूला पाहिलं.

मग स्वतःची बाही नाकाशी नेली, आणि तशीच धरून बसले.