अर्धी भवानी

जुना माल घेताना त्याची कुंडली विचारायची नाही. विकणारा खोटं बोलतो, आणि खरं बोललाच तर आपली झोप उडते. मुलुंडला जुन्या गेम मशिनांचा गाळा चालवणाऱ्या मधुकरने हे शहाणपण स्वतःच्या खिशाला चाट लावून कमावलं होतं. एकदा स्वस्तात उचललेल्या मशीनमधून उंदराचं अख्खं बाळंतपण निघालं होतं!

त्या दुपारी तो नवं आलेलं मशीन पुसत होता. घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या गेम झोनमधलं. पूर्वी व्हिडिओ पार्लरमध्ये शिंपले गिळणाऱ्या लाल खेकड्याचा खेळ असायचा ना, त्याच खेकड्याला पुढे कुणीतरी छोट्या गाडीत बसवून शर्यतीला उतरवलं, तो हा खेळ. शेजारी शेजारी दोन सीटा, दोन स्टिअरिंग, समोर एकच पडदा. नाणं टाकलं की कॅमेरा खेळणाऱ्याचा फोटो काढणार आणि पडद्यावरच्या गाडीवर तोच चेहरा चिकटवणार.

विकण्याआधी प्रत्येक मशीनवर घरच्या हाताची भवानी व्हायची, हा गाळ्याचा रिवाज. पहिलं नाणं बायकोचं, नीलाचं. आणि सुरू केलेली भवानी अर्ध्यावर सोडायची नाही.

नीला डबा घेऊन आली आणि डावीकडे बसली.

"हॉर्न आहे ना याला?"

"आधी गाडी चालव. मागच्या वेळी सरळ भिंतीत घुसलीस."

"घुसले, पण हॉर्न देऊन घुसले!" आणि तिने तिच्या सवयीने वाजवला. दोन आखूड, एक लांब. स्कूटरवरही तिचा हाच.

नाणं पडलं. फ्लॅश उडाला. मग उजव्या, रिकाम्या सीटवरही उडाला.

"तुम्ही दुसरं नाणं टाकलंत?"

"नाही गं. बिघडलं असेल काहीतरी."

पडद्यावर दोन गाड्या धावू लागल्या. एकीवर नीलाचा हसरा चेहरा, ठसठशीत कुंकू. दुसरीवर नुसती रिकामी सीट, फाटक्या रेक्झीनची. उजवं स्टिअरिंग सावकाश, आपलं आपण वळत होतं. आतली मोटर असेल, मधुकरने मनाला समजावलं. पण गाळ्यात ओल्या वाळूचा, कुजक्या शिंपल्यांचा वास पसरत होता…

दुसऱ्या फेरीत उजव्या फोटोतलं रेक्झीन दबलं, कुणी बसल्यासारखं. मग केस दिसले. आणि नीलाच्या फोटोतून मागची सीट दिसू लागली.

"नीला, ऊठ."

"शेवटचीच फेरी आहे. अर्ध्यावर सोडायची नाही, तुम्हीच म्हणता ना…"

मधुकरचा हात मशीनच्या वायरवर गेला आणि तिथेच थांबला. एवढ्या वर्षांचा रिवाज! तेवढ्यात डाव्या फोटोत फक्त कुंकू उरलं. उजव्या फोटोत, कुंकवावाचून, नीला हसत होती. शर्यतीची शेवटची रेघ समोर आली आणि त्याने वायर हिसकावली.

पडदा काळा झाला.

"नीला…?"

"हं." आवाज उजव्या सीटवरून आला. "जेवून घ्या. गार होईल."

ती उजव्या बाजूने उतरली. कपाळ कोरं होतं. डावी सीट रिकामी होती.

मधुकरने डबा तसाच मिटून ठेवला. तिने शटर ओढायला लावलं. दोघं रस्त्यावर आली, तोच आतून, वायर काढलेल्या मशीनमधून, हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब. तो शटरकडे वळला. तिने त्याचं मनगट धरलं. हात ओलसर होता, वाळूने खरखरीत.

"चला ना…"

पुढे पवईचं एक गिऱ्हाईक मशीन घ्यायला आलं, त्याला मधुकरने ते दिलं नाही. रोज मधुकर वायर लावून पाहतो, नाणी टाकून पाहतो, पडदा काळाच. मग डाव्या सीटसमोर डबा उघडून बसतो. हॉर्न येतो, रोज थोडा हळू.

आणि घरी, संध्याकाळी, ती त्याच्या पुढ्यात तळहात धरते, नाण्यासाठी.

"भवानी पुरी करू या," ती गोड आवाजात म्हणते. "या वेळी डावीकडे तुम्ही बसा."