बंडूची मावशी

पुस्तक एकच होतं आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक कॉलेजात शिकणाऱ्या अक्षताचा, दुसरा सुमितचा. सुमित शहागडचा, इथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागला होता.

कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांना मिळणाऱ्या एका पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली होती आणि त्या पुस्तकांवर गावोगावच्या वाचकांची मतं मागवली होती. कुंभार पिंपळगावच्या वाचनालयातून ही दोघं मत देणार होती. शेवटची कादंबरी उरली होती आणि मुदत संपत आली होती. दोघंही पुस्तक सोडेनात. मग ग्रंथपाल कडूबाकाकांनी पोरांच्या हातांत फिरून खिळखिळं झालेलं ते पुस्तक सरळ मधोमध उसवलं. पूर्वार्ध सुमितला दिला, उत्तरार्ध अक्षताला.

"वाचा अन् एकमेकाला सांगा. मंग बदलून घ्या. भांडू नका."

त्या दिवसापासून संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर, मध्ये भेळीचा कागद ठेवून, सुमित गोष्ट सांगू लागला. नदीकाठचा बंडू, त्याची होडी... आणि बंडूची मावशी. कॉलेजात शिकणारी. भेळीतले शेंगदाणे वेचून शेवटाला ठेवणारी. राग आला की नुसतं "बरं" म्हणून गप्प बसणारी. मावशीवर आला की सुमित भलताच रंगात यायचा, मध्येच अक्षताकडे बघायचा आणि काय सांगत होतो तेच विसरायचा. पुस्तकात फारच रमलाय बिचारा, असं अक्षताला वाटायचं.

घरी जाऊन ती आपला भाग उघडायची आणि चक्रावून जायची. बंडू आहे, होडी आहे, पूरही आला... मावशी कुठाय?

"सर, माझ्याकडं मावशी येऊनच न्हाई राह्यली."

"येईल की... जरा पुढं असंल."

"लगीन होऊन गेली का?"

"न्हाई," सुमित घाईघाईनं म्हणाला. "बिलकुल न्हाई."

"मंग मेली?"

"काय बोलता... मरंल कशाला ती?"

कादंबरी संपली तरी मावशी आली नाही. अक्षताला तिच्यासाठी चक्क वाईट वाटलं. मताच्या कागदावर तिनं रागारागानं लिहिलं, 'सगळ्यात जिवंत माणूस लेखिकेनं अर्ध्यातच सोडून दिलं, म्हणून गुण कमी.' पाकीट दुपारच्या टपालानं जायचं होतं. सुमित पूर्वार्ध द्यायचं टाळायला रोज काहीतरी सबब सांगत होता, पण मुदतीच्या त्या शेवटच्या सकाळी पूर्वार्ध कडूबाकाकांच्या टेबलावर ठेवून शाळेत गेला होता. अक्षतानं उभ्याउभ्याच तो चाळला, मग खाली बसून वाचला.

बंडूला मावशीच नव्हती. त्याच्या आईला मुळी बहीणच नव्हती.

अक्षताला काही कळेना. चेष्टा केली? आपल्याला वेड्यात काढलं? आणि त्या लेखिकेचे गुण फुकट गेले असते, त्याचं काय? मग तिला कालची भेळ आठवली... तिनं नेहमीसारखे शेवटाला वेचून ठेवलेल्या शेंगदाण्यांत सुमितनं बोलता बोलता आपल्या वाटचेही सरकवले होते. तिचे कान तापले. राग होता, नक्कीच होता; पण नुसता राग असता तर हसू कशाला आलं असतं?

मधल्या सुट्टीत सुमित आला. तिच्या हातातला पूर्वार्ध बघून दारातच थबकला.

"मावशी कुठाय, सर?"

"ते... म्हंजी..."

"बरं," अक्षता म्हणाली.

सुमितचा चेहरा पार उतरला. "असं बरं म्हणू नका. चेष्टा न्हाई केली मी. वाचायला बसलो की तुमीच दिसून राह्यल्या. सांगताना मंग गोष्टीतच आल्या... तोंडावर सांगायची हिंमतच व्हईना. लई आवडता तुमी मला."

अक्षतानं मताच्या कागदावरची ती ओळ खोडली, लेखिकेचे गुण परत केले, पाकीट चिकटवून काकांपुढे ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

"बसा. उत्तरार्ध ऐकायचा राह्यलाय तुमचा."

"त्यात तर मावशी न्हाई म्हणल्या..."

"आज आली. तिला एक मास्तर भेटला, एक नंबरचा थापाड्या. घोळात टाकलं त्यानं तिला पार."

सुमित अंतर ठेवून बसला. "मंग... त्यानं इचारलं तर काय म्हणंल ती?"

"त्यानं जल्दी इचारावं," खाली बघत अक्षता म्हणाली, "ती कवाची हो म्हणून बसलीय."