फोटोतून पुसलेली बाई

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात घडली आहे, आणि अजून संपलेली नाही. खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

रात्र नव्हती. मंगळवारची दुपार होती, दोन वाजून गेले होते. ठमी, माझी आठ महिन्यांची लेक, नुकतीच झोपली होती. ती झोपली की मी कामाला बसते. जुने, डागाळलेले फोटो संगणकावर नीट करून देते.

त्या दुपारी सासऱ्यांनी एक फोटो आणला. त्यांच्या वडिलांनी हौसेखातर काढलेला. पन्नास वर्षांपूर्वीचा चौक. पहिली गोळी सुटली तो क्षण. पुढच्या दहा मिनिटांत तिथं शेकडो माणसं मेली. तो दिवस देश अजून विसरलेला नाही.

"प्रदर्शनात लागणार आहे," सासरे म्हणाले. "खाली आपल्या घराचं नाव येईल. फक्त ही कोपऱ्यातली बाई काढून टाक."

झाडलोट करणारी बाई. अंगात एप्रन, पायाशी बादली. गर्दी सैरावैरा पळत होती. ती एकटी जागची हलली नव्हती. तिचं बोट समोरच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं... एका उघड्या खिडकीकडं.

"राहू द्या ना, बाबा. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुला मत विचारलं का? सांगितलं तेवढं कर."

तोंडाला तोंड कोण देणार? मी केलं.

शेजारच्या फरशीचा तुकडा उचलायचा आणि बाईवर चिकटवायचा. सोपं असतं ते. ठमी चुळबुळायला लागली, म्हणून घाईत एकच तुकडा तीनदा चिकटवला. बारकाईनं बघणाऱ्याला कळेल. आणि तशीच स्कॅनच्या मूळ फाइलवर सेव्ह केली, म्हणजे बाई असलेली प्रत उरलीच नाही. असली चूक शिकाऊसुद्धा करत नाही.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला...

ओलं फडकं पिळल्याचा.

जाऊन पाहिलं. कुणी नाही. नळ बंद. फरशी मात्र नुकती पुसल्यासारखी ओली.

दुसऱ्या दिवशी आईला पाठवायला म्हणून ठमीचे फोटो उघडले.

पहिल्या फोटोत नुसती चादर.

दुसऱ्यात दवाखान्यातली मी. हात छातीशी दुमडलेले... हातांत काहीच नाही.

मी फोटो मोठा केला. चादरीची एक चुणी तीनदा आली होती. तीच चुणी, तशीच.

माझ्या हातचं काम मला ओळखू येणार नाही?

मी ते केलं नव्हतं.

शुक्रवारी लस द्यायला नेली. ठमी माझ्या कडेवर होती. नर्सनं कार्ड घेतलं, माझ्याकडं पाहिलं.

"अहो ताई, लस काय तुम्हाला द्यायची? बाळाला घरीच विसरलात की काय?"

मी हसले. ती नाही हसली. ठमीनं तिचा कान ओढला, तेव्हा ती दचकून मागं सरकली.

"अगंबाई. ही... ही होती का इथं?"

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला. ठमी त्याच्या पायाशी बसून भोकाड पसरत होती. त्यानं बूट काढले. तिला ओलांडून आत आला.

"झोपली का गं?" त्यानं हळूच विचारलं.

मी ठमीला त्याच्या मागून उचलून घेतलं.

बाथरूममध्ये फडकं पिळल्याचा आवाज आता रोज दुपारी येत होता.

मी खालच्या मजल्यावर सासऱ्यांकडं गेले. लेकीला घट्ट धरून.

"बाबा, ती बाई कोण होती?"

"कुठली बाई?"

"बाबा, माझ्या पोरीवर आलंय. सांगा."

 ते नखं बघत बोलले. त्या बाईनं चौकशीत सांगितलं होतं की गोळी कचेरीतूनच सुटली. माझे आजेसासरे तिथं मोठे कारकून. त्यांनी शपथेवर सांगितलं, चौकात अशी कुणी बाई नव्हतीच. खोट्या साक्षीसाठी ती तुरुंगात गेली. तिथंच मेली.

"आणि फोटो घरात होता? सगळा वेळ?"

"नोकरी होती त्यांची. पोरंबाळं होती."

"मूळ फोटो द्या. मी तिला परत लावते."

"जाळला. तू साफ करून दिलास त्याच दिवशी." मग एकदम डोळे वटारून म्हणाले, "आता वडलांचं बोलणं खरं झालं. तूच केलंस ते. मला काय विचारतेस?"

जिनाभर मी रडत आले.

आता मूळ फाइल नाही, मूळ फोटो नाही. बाबा सांगणार नाहीत, म्हणजे तिला आठवणारी मी एकटी. मग आठवून तिचं चित्र त्याच फोटोत पुन्हा काढायला बसले. ठमी झोपली की रोज अर्धा तास. आधी बादली काढली. त्या दुपारी घेतलेल्या फोटोत ठमीची पावलं उमटली. दोनच. मी त्या फोटोचे मुके घेतले.

एप्रन काढला. झबलं आलं.

बोट काढलं, नेमकं त्या खिडकीवर रोखलेलं. ठमीचे हात आले.

परवा तिच्या बाबानं तिला स्वतःहून उचललं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग तो म्हणाला, "ही कुणावर गेली आहे गं? काही केल्या लक्षात राहत नाही."

चेहरा राहिलाय.

मी त्या बाईचा चेहरा बघितलाच नव्हता. पुसायच्या गोष्टीचा चेहरा कोण बघतं? नाक काढते, खोडते. डोळे काढते, खोडते. प्रत्येक चुकीच्या चेहऱ्यानंतर बाथरूममधला आवाज थांबतो... आणि ओली पावलं दाराबाहेर येतात. रोज एक पाऊल जास्त. काल पाळण्यापाशी होती.

म्हणून इथं लिहिते आहे. त्या दिवसाचा एखादा फोटो तुमच्याही घरात असेल. कोपरे नीट बघा. एप्रनवाली बाई, पायाशी बादली. चेहरा दिसत असेल तर पाठवा. धूसर असला तरी चालेल.

लवकर पाठवा.

आज सकाळी ठमी झोपेत हसली. म्हणजे हसली असावी. आवाज तिचाच होता. मी वाकून पाहिलं, पण पाळण्यापासून बाजूला झाले आणि मला आठवेना...

तिचे डोळे कसे आहेत ते.